आजारी माणूस आणि आजारी गाव

आजाराविषयी विचारले जाणारे प्रश्न वरकरणी एकसारखे वाटले, तरी मुळात ते दोन वेगळ्या जातींचे असतात. या माणसाला हा आजार का झाला, हा पहिला प्रश्न. आणि या गावात, या शहरात किंवा या काळात हा आजार इतक्या जणांना का होतो, हा दुसरा. दवाखान्यात पहिलाच प्रश्न विचारला जातो आणि तिथे तोच विचारणे योग्य असते, कारण समोर बसलेल्या रुग्णाला त्याच्या गावाच्या आकडेवारीशी कर्तव्य नसते. रोगप्रतिबंधाची भिस्त मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर असते आणि ते उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तराहून पुष्कळदा अगदी निराळे निघते. आरोग्याविषयीच्या सार्वजनिक चर्चेत हे दोन प्रश्न इतके बेमालूमपणे एकमेकांत मिसळलेले असतात की व्यक्तीच्या सवयींना दोष देऊन झाला म्हणजे कारण सापडले, असा समज सहज रूढ होतो.

या गुंत्याचे एक मूळ ‘आजारी असणे’ म्हणजे नेमके काय, याविषयीच्या संदिग्धतेत आहे. वैद्यकाचे समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र या ज्ञानशाखांनी येथे तीन संकल्पना वेगळ्या केल्या आहेत. शरीराच्या रचनेत किंवा कार्यात झालेला, तपासणीत दिसणारा बिघाड म्हणजे रोग. माणसाला स्वतःला जाणवणारा त्रास म्हणजे आजारपण. आणि तो माणूस आजारी आहे हे कुटुंबाने, मालकाने व समाजाने मान्य करून त्याला कामातून सूट आणि शुश्रूषेचा हक्क देणे म्हणजे रुग्णत्व. टॅल्कट पार्सन्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रुग्णत्वाची ही सामाजिक भूमिका आणि तिच्याबरोबर येणारी कर्तव्ये तपशिलाने मांडली. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असतीलच असे नाही. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असूनही काहीच न जाणवणारा माणूस रोगी असतो, पण आजारी नसतो. उलट सगळे अहवाल निर्दोष असताना अंगदुखीने हैराण झालेला माणूस आजारी असतो, पण त्याच्या त्रासाला नाव देता येत नाही.

रुग्णत्व नाकारले गेले तर काय होते, याचे लख्ख उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते, आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. यांतील अनेकींना त्रास होत होता, पण बाईच्या जन्माला हे यायचेच, अशी घरातल्यांची आणि खुद्द तिचीही समजूत असल्यामुळे त्या त्रासाला आजाराचा दर्जा मिळालेला नव्हता. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या नोंदींवरून गावाच्या आरोग्याचे चित्र रेखाटणे किती फसवे असते, हे या एका पाहणीने दाखवून दिले. कारण नोंद होण्यासाठी नुसता रोग असणे पुरत नाही, तो आहे हे कोणीतरी मान्य करावे लागते.

आरोग्याची व्याख्या करणे त्याहून अवघड ठरले आहे. सुश्रुतसंहितेने दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया यांच्या समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता हे निरोगी माणसाचे लक्षण मानले, म्हणजे शरीराची मोजता येणारी स्थिती आणि आतून जाणवणारे समाधान या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या. १९४६ मध्ये तयार झालेल्या आणि ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आणखी पुढे जाऊन शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा सर्वांगीण सुस्थितीला आरोग्य म्हटले आणि केवळ रोग नसणे पुरेसे नाही असे बजावले. ही व्याख्या महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या जगाची आकांक्षा होती आणि आकांक्षा म्हणून ती थोरच आहे. परंतु संपूर्ण सुस्थितीची अट काटेकोरपणे लावली तर भूतलावर निरोगी माणूस सापडणे कठीण. मधुमेह सांभाळत तीस वर्षे शेती किंवा नोकरी करणाऱ्या माणसाला तर या व्याख्येत जागाच उरत नाही. म्हणून मख्तेल्द ह्यूबर या डच वैद्यक-संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असा पर्याय सुचवला की, शारीरिक, मानसिक आणि सामाजिक आव्हानांशी जुळवून घेण्याची व स्वतःला सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य मानावे. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉर्ज कांगिलेम याने १९४३ मध्येच जवळपास याच दिशेचा विचार मांडला होता. परिस्थिती बदलली तर स्वतःसाठी नवे नियम घडवण्याची जिवाची ताकद हे त्याच्या मते आरोग्याचे खरे लक्षण, आणि ती ताकद आकसणे म्हणजे रोग. हा विचार पटण्याजोगा आहे, पण त्याला एक धोकाही चिकटलेला आहे: दूषित पाणी पिणाऱ्या वस्तीला जुळवून घ्यायला सांगणे ही आरोग्यसेवा होत नाही.

कारणांच्या विचाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक निर्णायक वळण घेतले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला, पाठोपाठ इजिप्त आणि कलकत्ता येथे केलेल्या कामातून पटकीचा जंतूही ओळखला, आणि प्रत्येक संसर्गजन्य रोगाला त्याचा विशिष्ट जंतू असतो हे सूत्र प्रस्थापित झाले. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांना मात्र जंतू पुरेसा वाटत नव्हता. पटकीची साथ येण्यास त्या ठिकाणच्या जमिनीची आणि भूजलाची विशिष्ट अवस्था लागते, असे त्यांचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी ऑक्टोबर १८९२ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी पोटातील आम्ल सोड्याने शमवून पटकीच्या जंतूंचे संवर्धन साक्षीदारांसमक्ष पिऊन टाकले. त्यांना थोडेफार जुलाब झाले, त्यापलीकडे काही झाले नाही.

या प्रयोगाने पेटेनकोफर यांचा सिद्धांत खरा ठरला नाही. त्याच वर्षी हाम्बुर्ग शहरात एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या वस्तीत पटकीने आठ हजारांहून अधिक बळी घेतले, आणि लागूनच असलेले आल्टोना शहर त्याच नदीचे, तेही हाम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेत असल्यामुळे बरेचसे बचावले. जमीन एकच, हवा एकच, फरक फक्त गाळणीचा. तरीही एकच जंतू एकाला मारतो आणि दुसऱ्याला नुसता चाटून जातो, हे त्या घोटाने दाखवलेले सत्य शिल्लक राहिलेच. साथरोगशास्त्र, म्हणजे लोकसमूहांतील रोगांचा प्रसार आणि त्याची कारणे अभ्यासणारे शास्त्र, पुढे रोगकारक, यजमान शरीर आणि परिसर या तिहेरी नात्याच्या भाषेत विचार करू लागले, त्यामागे असेच अनुभव होते. गंमत अशी की, ज्या सिद्धांतात पेटेनकोफर चुकले त्याच सिद्धांताच्या बळावर त्यांनी म्यूनिकमध्ये सांडपाण्याची व्यवस्था आणि स्वच्छ पाणीपुरवठा यांचा आग्रह धरला होता, आणि ते शहर त्यामुळेच निरोगी झाले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात चुकीच्या कारणासाठी केलेली योग्य कृती अशी अनेकदा आढळते.

दुसऱ्या प्रश्नाचे भान भारतीय वैद्यकालाही होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंस या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. लोकांची प्रकृती, आहार, बळ, वय हे सारे वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच व्याधीने सारा प्रदेश कसा उद्ध्वस्त होतो, असा प्रश्न अग्निवेश तेथे आत्रेयांना विचारतो. आणि माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात, त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात, असे उत्तर त्याला मिळते. ग्रंथ तेवढ्यावर थांबत नाही. या बिघाडाचे मूळ अधर्मात आणि राज्यकर्त्यांच्या गैरवर्तनात आहे असेही तो म्हणतो. त्यातील कार्यकारणभाव आजच्या विज्ञानाचा नव्हे, पण प्रश्न विचारण्याची रीत अगदी आजची आहे.

तोच प्रश्न ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मधील एका निबंधात आधुनिक आकडेशास्त्राच्या आधाराने मांडला. लंडनच्या सरकारी नोकरांचा आणि केनियातील भटक्या पशुपालकांचा रक्तदाब त्यांनी शेजारी ठेवून पाहिला. लंडनमधल्या एका कारकुनाचा रक्तदाब दुसऱ्याहून जास्त का, हे अनुवंश, वजन किंवा वय यांवरून काही प्रमाणात सांगता येते; पण लंडनकरांचा सगळा आलेखच केनियातील पशुपालकांच्या आलेखापेक्षा वरच्या बाजूला सरकलेला का, याचे उत्तर लंडनकरांची आपसांत कितीही तुलना केली तरी मिळत नाही, कारण ज्या कारणाने तो सरकला ते कारण सर्वांच्या ताटात सारखेच वाढलेले असते. सगळेच जण दिवसाला वीस सिगारेटी ओढत असते, तर फुप्फुसाचा कर्करोग आनुवंशिक आहे असाच निष्कर्ष अभ्यासकांनी काढला असता, असे रोझ यांचे प्रतिपादन होते.

यातून निघणारा त्यांचा दुसरा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. समजा, १० हजारांच्या वस्तीत १ हजार लोकांचा रक्तदाब फार वाढलेला आहे आणि त्यांच्यापैकी ३ टक्क्यांना पक्षाघात होणार आहे, तर ते ३० जण झाले. उरलेल्या ९ हजारांना धोका अगदी कमी, अर्धा टक्काच आहे, पण त्यांच्यातून ४५ जण निघतात. म्हणजे अधिक रुग्ण ‘धोका नसलेल्या’ समजल्या जाणाऱ्या गटातून येतात. उच्च धोक्याच्या माणसांना हुडकून औषध देणे आवश्यकच आहे, परंतु सगळ्या वस्तीचे मीठ थोडे कमी झाले तर एकंदर लाभ त्याहून मोठा होऊ शकतो. मात्र त्या वस्तीतल्या कोणाही एकाला आपल्याला काही लाभ झाला असे कधीच जाणवत नाही. रोझ यांनी याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटले. न झालेल्या आजाराबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही, त्यामुळे प्रतिबंधाच्या वाट्याला निधी आणि प्रतिष्ठा दोन्ही कमी येतात.

समूहाकडे पाहून केलेला प्रतिबंध काय साधू शकतो, याचा नारूइतका सुस्पष्ट दाखला विरळा. नारू हा सुतासारखा बारीक परजीवी जंत. त्याची पूर्ण वाढलेली मादी सुमारे एक मीटरपर्यंत लांब होते. सायक्लॉप्स नावाचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्म कवचधारी जीव साठलेल्या पाण्यात राहतात आणि नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात वाढतात. असे पाणी प्यायले की सायक्लॉप्स जठरातील आम्लात मरतो, अळ्या मोकळ्या होऊन शरीरात शिरतात आणि सुमारे वर्षभर काहीही न जाणवता वाढत राहतात. मग बहुधा पायावर फोड येतो, असह्य आग होते आणि माणूस ती शमवण्यासाठी पाय पाण्यात बुडवतो. नेमक्या त्याच क्षणी मादी पाण्यात हजारो अळ्या सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. बाहेर डोकावणारा जंत काडीला गुंडाळून दररोज थोडा थोडा ओढून काढायचा, तुटला तर जखम चिघळायची आणि ऐन शेतीच्या हंगामात माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा. यावर औषध नव्हते आणि लस नव्हती, दोन्ही आजही नाहीत. एकदा नारू झाल्याने पुन्हा होण्यापासून संरक्षणही मिळत नाही.

भारतात राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत नारूचा प्रादुर्भाव होता, आणि १९८४ च्या सुमारास देशात वर्षाला जवळपास ४० हजार रुग्ण नोंदले जात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला का झाला, असे विचारले असते तर ‘घाण पाणी प्यायले म्हणून’ असे उत्तर आले असते आणि उकळून प्या, या उपदेशावर प्रकरण संपले असते. सरपणाची वानवा असलेल्या घरात तो उपदेश किती टिकला असता, हे सांगायला नको. गावाला का होतो, असे विचारल्यावर बोट विहिरीकडे गेले. जिथे पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून भांडे भरतात अशा बारवा आणि पायविहिरी हेच नारूचे घर होते, कारण रुग्णाचा पाय आणि इतरांचे पिण्याचे पाणी तेथे एकत्र येत होते. १९८३-८४ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात पायऱ्या बंद करून पोहऱ्याने पाणी शेंदण्याची सोय करणे, हातपंप बसवणे, पाणी दाट कापडाने गाळून घेण्यास शिकवणे, सायक्लॉप्स मारणारे रसायन विहिरीत मोजून टाकणे आणि रुग्ण शोधून त्याच्या जखमेवर पट्टी बांधून त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, असे साधे उपाय चिकाटीने गावोगाव केले गेले. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. ज्या बारवांच्या स्थापत्याचे आज कौतुक होते, त्यांच्या पायऱ्यांचा हाही एक इतिहास आहे.

समूहाच्या नावाने उचललेले प्रत्येक पाऊल असे शहाणपणाचे असतेच असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून देईपर्यंत सरकारला ठाऊक नव्हते आणि त्यानंतरही काही वर्षे ते मान्य झाले नाही. या अर्धवट ज्ञानावर फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या, सामानसुमानाची नासधूस आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. पिसवा ज्या उंदरांवर होत्या त्यांना त्या झडत्यांनी काहीच झाले नाही. लोक मात्र रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी केलेला हल्ला हा त्या संतापाचा शेवट होता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी मरण पावल्या. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण झडत्यांनी घालवलेला विश्वास लशीला पुरता परत मिळवता आला नाही.

प्रतिबंधाच्या पायऱ्या पाठ्यपुस्तकांत रोगाच्या वाटचालीनुसार लावलेल्या असतात. धोक्याची कारणे समाजात रुजूच न देणे ही सर्वांत आधीची, लस किंवा शुद्ध पाण्यासारख्या उपायांनी रोग होऊ न देणे ही प्राथमिक, लक्षणे दिसण्यापूर्वी रोग हेरणे ही द्वितीयक आणि झालेल्या रोगाने येणारे अपंगत्व टाळणे ही तृतीयक. यांतील द्वितीयक पायरी सर्वांत आकर्षक आणि सर्वांत निसरडी आहे, कारण तिथे आपण निरोगी आहोत असे मानणाऱ्या माणसांना बोलावून तपासायचे असते. ती नीट जमली तर काय होते, हे त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात दिसले. तेथील ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूची आयुष्यात एकदाच तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तुलनेसाठी नेहमीच्याच सेवेवर ठेवलेल्या गटात ६४. ज्या गटाला तपासणी दिली गेली नाही, त्यातील स्त्रियांचे काय, हा आक्षेप या अभ्यासावर पुढे घेतला गेला आणि तो क्षुल्लक नव्हता. समूहाविषयीचे ज्ञान मिळवण्याची किंमत कोणीतरी एकेकट्याने मोजत असते.

याची दुसरी टोकाची बाजू दक्षिण कोरियाची. तेथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉईड ग्रंथीची तपासणी त्यात नव्हती, पण थोडे जास्त पैसे दिले की रुग्णालये सोनोग्राफीने तीही करून देत. २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे निदान १९९३ च्या मानाने पंधरा पट झाले, त्या वर्षी ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, आणि त्या रोगाने होणारे वार्षिक मृत्यू मात्र पूर्वीइतकेच, तीनचारशेच्या घरात राहिले. सापडलेल्या बहुतेक गाठी आयुष्यभर काहीही त्रास न देता शरीरात राहिल्या असत्या. अतिनिदान म्हणतात ते यालाच: रोग खरा असतो, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो, पण तो कधीच आजारपण होणार नसतो. जवळपास सर्वांची ग्रंथी पूर्ण किंवा अंशतः काढली गेली, अनेकांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या, काहींच्या स्वरतंतूंना इजा झाली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी अशा सरसकट तपासणीविरुद्ध जाहीरपणे सावध केल्यावर शस्त्रक्रिया वर्षभरात सुमारे एक तृतीयांशाने उतरल्या. ज्यांच्या झाल्या होत्या त्यांच्यापैकी कोणती शस्त्रक्रिया जीव वाचवून गेली आणि कोणती विनाकारण झाली, हे मात्र एकेका रुग्णाच्या बाबतीत कोणालाच सांगता येत नाही, कारण हा फरक फक्त सगळ्या देशाच्या आलेखात दिसतो.